खडीवरचं नाटक आणि आमची डेअरी

आमच्या तालुक्याच्या गावात वर्षातून एक-दोनदा नाटक येतं. शेजारी तिकिटं काढतात, माझ्या बायकोला विचारतात, बायको मला विचारते. मी कधी पाठ दुखते म्हणतो, कधी शाळेचं कारकुनी काम उरलंय म्हणतो. ती मुलींना घेऊन जाते आणि परत आल्यावर सांगते, "किती रडवलं हो त्यांनी. तुम्ही यायला पाहिजे होतं." निवडणूक लागली की गळ्यात उपरणं घातलेली पोरं दारात येतात. "काका, तुम्ही जुने कार्यकर्ते. नुसतं सोबत फिरा." त्यांनाही मी चहा पाजून वाटेला लावतो. बायकोच्या मते मी माणूसघाणा होत चाललोय. असेन. पण या दोन गोष्टींबद्दलचं माझं मत तिशीच्या आतच पक्कं झालं, आणि त्यानंतर ते बदलावं असं काही माझ्या पाहण्यात आलं नाही.

मला नाटकाचा कंटाळा होता असं मात्र कुणी समजू नये. तरुणपणी मी गावाहून हमरस्त्यापर्यंत चालत यायचो, हैदराबादकडून येणाऱ्या एखाद्या ट्रकला हात करायचो आणि सोलापूर गाठायचो. सर्वांत स्वस्त तिकीट काढून मागं बसायचो. नाटक संपलं की एसटी स्टँडच्या बाकावर पडायचं आणि पहिल्या गाडीनं परत. गाडीत माझ्या डोक्यात नाटकातली वाक्यं फिरत असायची आणि मला वाटायचं, हे आमच्या गावानं पाहिलं तर गाव एका रात्रीत सुधारेल. हे मी मनापासून मानत होतो. आता मानतो ते असं: नाटक बघताना माणसाला आपण चांगले आहोत असं वाटतं, आणि तेवढं वाटलं की त्याचं काम भागतं. तो हलका होऊन घरी जातो. कार्यकर्त्याचंही तेच. सतरंज्या घातल्या, सतरंज्या उचलल्या, भिंती रंगवल्या, पुरी-भाजी खाल्ली, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, की आपण गावासाठी झिजलो असं त्याला वाटतं. कशासाठी झिजलो ते दुसऱ्यानंच ठरवलेलं असतं.

मी दोन्ही केलं, आणि एकाच वर्षात केलं.

बहात्तरच्या दुष्काळात आमचं सगळं गाव खडी फोडायला गेलं होतं. मी शाळेत होतो, तरी सुट्टीत मीही गेलो. शेजारी माझ्या वर्गातला एक मुलगा बसायचा, बौद्धवाड्यातला. तो माझ्या दुप्पट खडी फोडायचा आणि वर माझ्या ढिगाकडं बघून म्हणायचा, "हे काय, कोंबडीनं उकरल्यावानी?" तिथं आमची मैत्री झाली. दुष्काळात सगळे सारखे झाले असं लोक नंतर सांगत. तसं काही नव्हतं. टँकर एकच यायचा, पण पिंपं दोन होती.

दुष्काळ सरला आणि काही वर्षांनी गावात सहकारी दूध डेअरी निघाली. चावडीशेजारची एक खोली, एक काटा, दुधाची प्रत तपासायची थोडी काचेची सामग्री आणि मोठे कॅन. सकाळ-संध्याकाळ टेम्पो यायचा आणि दूध उमरग्याच्या बाजूला घेऊन जायचा. माझ्या मित्राला त्याच्या थोरल्या भावानं, सोलापूरच्या मिलमधल्या, एक म्हैस घेऊन दिली होती. चांगली दुधाळ म्हैस. पण डेअरीत बौद्धवाड्याचं दूध घेत नसत. असा नियम कुठंच नव्हता. त्यानं किटली पुढं केली की जुने चेअरमन म्हणत, "आज कॅन भरलं गड्या." सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये जातं, आणि त्याचं पडलं तर बाकीचे आपलं आणायचं बंद करतील, हे सगळ्यांना माहीत होतं. मग तो सायकलला किटली अडकवून हमरस्त्यावरच्या हॉटेलात जायचा. उन्हाळ्यात पोचेपर्यंत दूध नासायचं आणि हॉटेलवाला किटली तशीच परत पाठवायचा.

त्याचं म्हणणं साधं होतं. "डेअरीत दूध गेलं तर मी गावात राहतो. न्हायतर हायेच मिल. पण मिलमधी जाऊन आलेला माणूस बघितलास का तू? खोकतंय निस्तं."

त्या वर्षी ग्रामपंचायत आणि डेअरी या दोन्ही निवडणुका मागोमाग लागणार होत्या. गावात एक तरुण बागायतदार होता, शिकलेला, बोलायला गोड. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. त्यानं तरुणांचं पॅनल काढलं आणि मी त्याच्यामागं वेड्यासारखा फिरू लागलो. भाऊ मला घेऊन माझ्या मित्राच्या अंगणात गेला. खाटेवर बसला, त्यांच्या घरचा चहा प्याला आणि म्हणाला, "पॅनल आलं की तुझं दूध डेअरीत. माझा शब्द." मित्राच्या बायकोनं आतून विचारलं, "आन् कॅन भरल्यालं असलं तर?" भाऊ मोठ्यानं हसला. "वहिनी, दुसरं कॅन मागवू की!" त्या चहाचं मला इतकं कौतुक वाटलं की घरी जाऊन मी नाटक लिहायला घेतलं.

जत्रेला गावातल्या पोरांनी नाटक बसवायचं हा आमच्याकडं रिवाज होता. पडदे सोलापूरहून भाड्यानं यायचे, नटीही तिकडूनच यायची. त्या साली नाटक माझं होतं. दुष्काळातल्या खडीवरची गोष्ट. एक माजोरी पाटील, दुष्काळानं खडीवर येऊन बसलेला, उन्हानं चक्कर येऊन पडतो. कुणी जवळ नाही. एक बौद्ध मजूर धावतो, आपल्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओततो आणि पाटलाच्या तोंडाला लावतो. पाटील डोळे उघडतो, बघतो, आणि पितो. हे नाटकातलं मुख्य दृश्य. बाकी सगळं मी त्याच्या मागंपुढं लावलं होतं.

मजुराचं काम माझ्या मित्राला दिलं. पाटलाचं काम मी भाऊलाच करायला लावलं. शाळेच्या खोलीत तालमी चालायच्या. मित्र आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं काम करायचा. तो नुसता बसून खडी फोडायची नक्कल करायचा तरी आमचे हात दुखायचे. शेवटच्या तालमीला आलेली नटी पानाचा विडा गालात धरून म्हणाली, "याला कुठं लपवून ठेवलं होतं? हा कंपनीत पाहिजे." तो लाजून म्हणाला, "बाई, म्हैस सांभाळायला तुम्ही येणार का मग?"

तालमीत तांब्या रिकामाच असायचा. तालमीत कोण कशाला पाणी भरतंय.

नाटकाच्या आदल्या दिवशी भाऊनं मला मळ्यात बोलावलं. मोट-नाडा कधीच गेला होता, इंजिन चालू होतं, पाटात पाणी वाहत होतं. भाऊ बांधावर बसून कणीस खात होता.

"लेखक, उद्या तांब्यात पाणी भरायचं न्हाय."

मला आधी कळलंच नाही. "मग तुम्ही पिणार काय, भाऊ?"

"पिल्यासारखं करायचं. नाटकच हाय ना? तू तरवार लिहिली असतीस तर खरी मान कापणार होतास का?"

"पण ते…"

"हे बघ. डेअरीला मत कुणाचं? सभासदाचं. त्यात वाड्यातला एक तरी हाय का? न्हाय. मी उद्या सगळ्या गावादेखत त्याच्या हातचं प्यालो, तर पॅनल झोपलं. आन् पॅनल झोपलं तर तुझ्या दोस्ताचं दूध कोण घेणार? तूच सांग."

मी म्हणालो, "त्याला सांगू का?"

"त्याला कशाला सांगतोस? उगं त्याचं काम बिघडंल." मग कणसाचा बुरखुंडा पाटात टाकत म्हणाला, "पेटीवाल्याला मी सांगितलंय. त्या टायमाला जोरात वाजवणार हाय. पाणी ओतल्याचा आवाज आला का न्हाय, कुणाला कळणार बी न्हाय."

मला ते पटलं. हे मी लिहून ठेवतो, कारण नंतर मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं की मी घाबरलो होतो, माझा नाइलाज होता. तसं नव्हतं. मला ते हुशारीचं वाटलं. राजकारण असंच करायचं असतं, आधी सत्ता आणि मग बदल, असं मी घरी येताना स्वतःशी बोलत होतो.

नाटकाच्या दिवशी मी विंगेत उभा राहून वाक्यं सांगत होतो, आणि सामानही माझ्याकडंच होतं. दृश्याच्या आधी मित्र आला. तोंडाला रंग, डोक्याला फडकं. "पाणी भरलंस ना?" म्हणाला. मी म्हणालो, "भरलंय." तांब्या मीच पडद्याआड, त्यानं उचलायच्या जागी ठेवला होता.

भाऊ छान पडला. पेटी दणक्यात सुरू झाली. मित्रानं धावत येऊन तांब्या उचलला आणि त्याचा हात वर गेला, गरजेपेक्षा जास्त वर, जसा जड समजून हलकी वस्तू उचलल्यावर जातो. तो क्षणभर थांबला. मग त्यानं तांब्या पेल्यावर वाकवला, पेला भाऊच्या तोंडाला लावला. भाऊनं डोळे उघडले, बघितलं, गळ्याची घाटी हलवत प्याला. टाळ्या पडल्या. अशा टाळ्या आमच्या जत्रेत मी कधी ऐकल्या नव्हत्या. नाटक थांबवून बक्षिसं पुकारायची आमच्याकडं पद्धत. लोक उठून येऊ लागले. ज्यांच्या घरी माझ्या मित्राला ओट्याच्या खाली बसवत, तेही आले. बक्षिसं भाऊच्या नावानं पुकारली गेली. बौद्धवाड्यातली माणसं मैदानाच्या कडेला बसली होती, तीही टाळ्या वाजवत होती. त्याची आई पदर डोळ्याला लावून बसली होती. मी विंगेत रडलो. आपल्या शब्दांनी गाव हललं असं मला वाटलं. तांब्या रिकामा होता हे ठाऊक असूनही वाटलं.

पडदा पडल्यावर मित्र खोबरेल लावून तोंडाचा रंग काढत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तांब्या कुणी सांडला का रं?"

मी म्हणालो, "भाऊचं म्हणणं होतं, निवडणूक होईपर्यंत…"

"मला सांगायचं व्हतं. मीच म्हणलो असतो, नगं भरूस." त्यानं फडक्यानं कान पुसला. "मी का त्याला पाजायला तरसलोय? माझं दूध घ्या म्हणतोय मी. पाणी पी म्हणलो का कधी?"

माझ्या नाटकाचा गाभाच त्यानं एका वाक्यात काढून टाकला होता. त्याला पाहिजे होतं ते मी लिहिलंच नव्हतं. मी लिहिलं होतं ते आम्हाला बघायला बरं वाटावं म्हणून.

त्या टाळ्यांचं कारण मला दोन दिवसांनी न्हाव्याच्या दुकानात समजलं. न्हावी वस्तरा चालवत सहज म्हणाला, "नाटक झ्याक झालं. म्हंजे आमाला म्हाईत व्हतं म्हणा, पेल्यात काय न्हाय म्हणून. भाऊची माणसं सांगून गेली व्हती घरोघर." वाड्याला दिसला भरलेला पेला, गावाला ठाऊक होता रिकामा. ग्रामपंचायतीला वाड्याची मतं, डेअरीला गावाची. दोन्ही निवडणुका भाऊनं जिंकल्या. मिरवणुकीत गुलाल उधळणाऱ्यांत मी होतो.

मला डेअरीचं सेक्रेटरी केलं. कार्यकर्त्याला एवढं तर मिळायलाच पाहिजे असं सगळे म्हणाले, आणि मलाही ते योग्यच वाटलं. पॅनल बसल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मित्र घासूनपुसून लख्ख केलेली किटली घेऊन रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढचा माणूस पुढं सरकला आणि मागचा मागं. त्याची पाळी आली. काट्याशी मी होतो.

"चेअरमन आल्याबिगर नवीन खातं उघडता येत नाही," मी म्हणालो. "उद्या बघू."

"उद्या?"

"उद्या."

तो किटली घेऊन हमरस्त्याकडं गेला. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, मीटिंग व्हायची आहे. मग म्हणालो, वरून मंजुरी यायची आहे. तो रोज यायचा. रांगेतली पोरं हसायची. एकदा एक म्हातारा म्हणाला, "आरं, घ्या तरी न्हायतर न्हाय तरी म्हणा. माझं दूध नासतंय हितं." मी भाऊला विचारलं. भाऊ म्हणाला, "आता लगेच नगं. पुढच्या निवडणुकीच्या आधी बघू." शेवटी एका सकाळी मित्रानं किटली काट्यावर ठेवलीच नाही. रांगेबाहेरूनच म्हणाला, "सेक्रेटरी, तुमची मंजुरी आली तर कळवा. मी हॉटेलात असतो." तोपर्यंत तो मला लेका म्हणायचा. त्या दिवसापासून सेक्रेटरी.

पुढं दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाऊस गेला. बहात्तरसारखा नव्हे, पण वैरण संपली, जनावरं आटली. आमच्या डेअरीचं दूध निम्म्यावर आलं. टेम्पोवाल्यानं सांगितलं, एवढ्याशा दुधासाठी आत वळणं परवडत नाही, वाढलं नाही तर तुमचं गाव बंद. माझ्या मित्राची म्हैस मात्र दूध देत होती. तो आणि त्याची बायको दूरच्या नाल्यातून हिरवं काहीबाही कापून आणायची. वाड्यात आणखी दोघांनी म्हशी घेतल्या होत्या. भाऊनं मला बोलावलं. "जा, वाड्यात सांगून ये. उद्यापासून सगळ्यांचं दूध घ्यायचं."

मी विचारलं, "लोक?"

"लोक काय? टेम्पो बंद झाला तर लोकच तोंडावर पडतेत. मी बोललोय सगळ्यांशी. कुणाची ना न्हाय."

म्हणजे जे काम नाटकानं झालं नाही, निवडणुकीनं झालं नाही, ते वैरण संपल्यावर एका दुपारी झालं. मला आनंद झाला, हेही सांगतो. मी पळतच गेलो.

मित्र गोठ्यात शेण काढत होता. मी सांगितलं. त्यानं घमेलं खाली ठेवलं.

"पाऊस न्हाय म्हणून व्हय?"

"कसं का असेना. घेतायत ना."

"आन् पाऊस पडल्यावर?"

मी ते घमेलं उचलून कडेला ठेवलं.

"सेक्रेटरी, मी दूध घालतो. आजपासनं घालतो. आमाला तिघास्नी सभासद करा. सभेत, सगळ्यांदेखत. वहीत नाव लागलं की पाऊस पडू दे न्हायतर न पडू दे." त्याची बायको दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "आन् खोटं बोलायला ह्यांना पाठवू नगा म्हणावं. दुसरं कुणी धाडा."

मी भाऊकडं परत गेलो. मित्राची अट सांगितली. भाऊ म्हणाला, "दूध घ्यायचं म्हणलो व्हतो. सभासद करायचं कोण म्हणलं? सभासद केलं की मत आलं. उद्या ते उभं राहतील." मग हसून म्हणाला, "तुझा दोस्त लई पुढचं बघतोय."

तो निरोप घेऊन मी गेलो नाही. न जाणं हाच निरोप होता. मित्रानं दूध घातलं नाही, आणि महिन्याभरात टेम्पो बंद झाला. खोलीला कुलूप लागलं. गावातल्या बायाबापड्या डोक्यावर चरव्या घेऊन हमरस्त्यापर्यंत उन्हात चालू लागल्या, त्याच हॉटेलात दूध घालायला. आणि सगळ्या गावात एकच बोललं जाऊ लागलं, की वाड्यातल्या एकाच्या हेकटपणापायी डेअरी बुडाली. त्याच्या म्हशीला सोसायटीच्या विहिरीवर पाणी पाजू देईनात. बांधावरचं गवत कापू देईनात. म्हैस आटली.

एकदा स्टँडवरच्या टपरीत आम्ही सात-आठ जण बसलो होतो. विषय तोच. एकानं मलाच विचारलं, "काय सेक्रेटरी, तुम्ही तर आत व्हता. खरं का न्हाय? त्यानं दूध घातलं असतं तर डेअरी चालली असती का न्हाय?"

खरं काय ते त्या टपरीत फक्त मला माहीत होतं. तीन नावं वहीत लिहिली असती तर डेअरी चालली असती. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा बशीत ओतला आणि म्हणालो, "त्यानं थोडं ऐकायला पाहिजे होतं."

लोकांनी माना डोलावल्या. आतल्या माणसाचं मत होतं ते.

मित्रानं म्हैस कमी भावात उमरग्याच्या एका माणसाला विकली आणि बायकापोरांसकट भावाकडं, मिलमध्ये जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेलो. टपरीतलं माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. गावात अशा गोष्टी पोचतात. त्यानं काही विचारलं नाही. एसटीच्या टपावर ट्रंक चढवायची होती आणि तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं मला तिचं एक टोक धरू दिलं.

"खालनं धरा," तो म्हणाला. "कडी तुटल्याली हाय."